हँड ब्लेंडर घ्यावा की नको? मिक्सर घरात असताना आणखी एक यंत्र खरंच लागतं का

मिक्सर आहे, ताकाला रवी आहे, वरण घोटायला डाळघोटणी आहे. मग हा दांड्याचा हँड ब्लेंडर कशाला? सणासुदीच्या ऑफर सुरू झाल्या की हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो. काही घरांत तो रोज दोनदा चालतो. काही घरांत लग्नात भेट आलेला ब्लेंडर खोक्यासकट माळ्यावर पडून असतो. यंत्र दोन्हीकडे तेच असतं, फरक असतो घरातल्या कामांचा. म्हणून कोणता ब्लेंडर घ्यावा हे ठरवण्याआधी तो घ्यावा का, हे पाहू.

थोडक्यात उत्तर

- ताक, लस्सी, सूप, टोमॅटो सार, घोटलेलं वरण, पातळ भाज्या हे आठवड्यातून तीन-चार वेळा होत असेल, तर घ्यायला हरकत नाही.
- घरात गिळायला त्रास होणारा रुग्ण असेल किंवा हात दुखणारी वयस्कर व्यक्ती स्वयंपाक करत असेल, तर तो खरोखर कामाला येतो.
- वाटण, चटणी, इडली-डोशाचं पीठ, कोरडा मसाला ही मुख्य कामं असतील, तर मिक्सरच लागतो. हँड ब्लेंडर त्याची जागा घेत नाही.
- घरात मिक्सर नसेल आणि एकच यंत्र घ्यायचं असेल, तर आधी मिक्सर घ्या.

हँड ब्लेंडर म्हणजे नेमकं कोणतं यंत्र?

दुकानात आणि ऑनलाइन इथेच पहिला घोळ होतो. चार वेगवेगळ्या वस्तू जवळपास एकाच नावाने विकल्या जातात.

पहिला खरा हँड ब्लेंडर. वर मोटर असलेली मूठ, खाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला घंटेसारख्या झाकणाच्या आत छोटं पातं. हा थेट पातेल्यात बुडवून चालवायचा.

दुसरा हँड मिक्सर किंवा बीटर. त्याला तारांच्या दोन फिरक्या असतात. केकचं मिश्रण, क्रीम, अंडी फेटायला तो चांगला, पण वरण किंवा सूप त्याने गुळगुळीत होत नाही.

तिसरा दोरी ओढायचा चॉपर. कांदा-मिरची चिरायला ठीक, ब्लेंडरशी त्याचा संबंध नाही.

चौथा विजेशिवाय चालणारा, वरून दाबला की फिरणारा स्टीलचा घुसळणा. दोन पेले ताक, लस्सी किंवा दोन अंडी यासाठी तो पुरतो आणि किंमतही फार कमी असते. फक्त ताकासाठी ब्लेंडर हवा असेल, तर हाच घ्या आणि उरलेले पैसे वाचवा.

मिक्सर आणि हँड ब्लेंडर, काम वेगळं का?

हँड ब्लेंडर मुळात युरोपातल्या स्वयंपाकघरासाठी जन्मला. 1950 मध्ये स्वित्झर्लंडच्या रॉजर पेरिंजाके यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यातून आलेल्या 'बॅमिक्स' या यंत्राचं नाव फेटणं आणि मिसळणं या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांवरून पडलं. म्हणजे काम नावातच सांगितलं होतं. दळणं किंवा वाटणं त्यात नव्हतं.

आपला मिक्सर नेमका उलट्या गरजेतून आला. परदेशी ब्लेंडर आपल्या ओल्या-कोरड्या वाटणापुढे टिकत नव्हते. 1960च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' मिक्सर आणला तो भारतीय वाटण डोळ्यांसमोर ठेवून. मोटर दमदार, भांडी स्टीलची आणि पाती कामाप्रमाणे वेगळी. पाटा-वरवंट्याचं आणि रगड्याचं काम मिक्सरकडे गेलं ते तिथून.

हँड ब्लेंडरचं पातं लहान असतं. ते फिरताना पातळ पदार्थ खालून ओढून घेतं आणि झाकणाच्या फटींतून बाहेर फेकतं. पदार्थात पुरेसं पाणी असेल तरच हे चक्र चालू राहतं. घट्ट किंवा कोरडा जिन्नस पात्याकडे येतच नाही. पातं जागच्या जागी फिरतं आणि मोटर तापते. वाटण होत नाही म्हणून अनेक जण यंत्राला नावं ठेवतात, पण ते काम त्याचं नव्हतंच.

कुठे खरा उपयोग होतो

वरण आणि डाळ. शिजलेल्या डाळीत दोन-तीन सेकंद फिरवला की वरण एकजीव होतं. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत गुजराती पद्धतीची आंबटगोड डाळ होते, तिला असंच एकजीव पोत लागतं. मात्र जास्त फिरवलं तर डाळीला फेस येतो आणि ती चिकट लागते.

सार, सूप आणि पातळ भाज्या. ब्लेंडरचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. उकळता पदार्थ मिक्सरच्या भांड्यात ओतून फिरवला तर आतल्या वाफेने झाकण उडून अंगावर येऊ शकतं. म्हणून तो गार होईपर्यंत थांबावं लागतं. हँड ब्लेंडर पातेल्यातच चालतो, त्यामुळे ओताओत वाचते. पालकाच्या ताकातल्या भाजीला मात्र एकदाच हलकं फिरवा, नाहीतर भाजीचं सूप होतं.

ताक आणि लस्सी. रवीने होणारं काम पाव मिनिटात होतं. साय घुसळून लोणी काढायचं असेल तर सर्वांत कमी वेग ठेवा आणि पाणी गार घ्या. जास्त वेगाने फेसच जास्त येतो, लोणी गोळा होत नाही.

आमरस. हापूस, पायरीचा गर छान होतो. रायवळ आंब्याचे दोरे मात्र पात्याभोवती गुंडाळले जातात. तो रस हातानेच काढलेला बरा.

पिठल्याच्या गाठी. गाठी मोडतात, पण गॅस बंद करून मगच ब्लेंडर घाला. उकळतं पिठलं उडालं की चटका मोठा बसतो.

कुठे उपयोग होत नाही

ओल्या नारळाचं बारीक वाटण होत नाही. त्यामुळे गोव्याकडचं हुमण असो की शाकुती, मिक्सर किंवा रगडा लागणारच. सोलकढीसाठी नारळाचं दूध काढायचं असेल तरी तेच. आधी काढलेलं दूध आणि आगळ मिसळायला ब्लेंडर चालतो.

इडली-डोशाचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, गोडा मसाला, लसणाची चटणी हे दांड्याने जमत नाही. चॉपरचं वेगळं भांडं सोबत असेल तर थोडा कूट होतो, तोही भरड.

पुरण घट्ट असतं, त्याला पुरणयंत्रच बरं. उकडलेला बटाटा तर ब्लेंडरने मुळीच करू नका. पात्याने बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि खळीसारखा चिकट गोळा तयार होतो. इंदूरचा भुट्ट्याचा कीसही किसणीवरच चांगला होतो, ब्लेंडरने मक्याचा लगदा होतो.

आजारपण, म्हातारपण आणि बाळ

हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, म्हणून थोडं सविस्तर.

अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा तोंड-घशाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना गिळताना त्रास होतो. अन्न श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. अशा रुग्णाला दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं आणि गुठळी नसलेलं अन्न द्यावं लागतं. प्रत्येक वेळी वाटीभर खिचडीसाठी मिक्सरचं भांडं काढणं आणि धुणं हे सेवा करणाऱ्या माणसाला थकवून टाकतं. अशा घरात हँड ब्लेंडरची किंमत काही आठवड्यांत वसूल होते.

पण यंत्र आणलं म्हणजे काम झालं असं नाही. अन्न किती पातळ असावं हे डॉक्टरांनी किंवा गिळण्याच्या थेरपिस्टनी ठरवायचं. त्यासाठी 'आयडीडीएसआय' नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तीत 0 ते 7 अशा पायऱ्या आहेत आणि चौथी पायरी म्हणजे पूर्ण गुळगुळीत अन्न. त्याची घरगुती खूण सोपी आहे. चमचा तिरका केल्यावर घास अख्खा घसरून पडला पाहिजे, चमच्याला चिकटून बसता कामा नये आणि त्यातून पाणीही सुटता कामा नये. भात आणि बटाटा फिरवल्यावर चिकट होतात, म्हणून ते देण्याआधी ही खूण जरूर पाहा.

दुसरी बाब हातांची. संधिवाताने मनगट किंवा बोटं दुखत असतील तर रवी फिरवणं नकोसं होतं. पण ब्लेंडरचंही वजन असतं, आणि अनेक मॉडेलमध्ये बटण दाबून धरावं लागतं. आईसाठी घेत असाल तर आईलाच दुकानात घेऊन जा. मूठ तिच्या हातात नीट बसते का, बटण अंगठ्याने सहज दाबलं जातं का, हे तिनेच ठरवू द्या.

बाळासाठी मात्र घाईने ब्लेंडर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करायचं आणि वयाप्रमाणे त्याचा घट्टपणा वाढवत न्यायचा. आठ महिन्यांच्या आसपास बहुतेक बाळं हातात धरून खायचे मऊ तुकडे खाऊ शकतात. म्हणजे अगदी गुळगुळीत अन्नाचा काळ थोडाच असतो. मऊ भात-वरण चमच्याने कुस्करलं तरी पुरतं. सगळंच फिरवून दिलं तर बाळ चावायला शिकणार कधी?

घेताना काय पाहायचं

दांडा. स्टीलचाच घ्या. प्लॅस्टिकचा दांडा हळदीने पिवळा पडतो आणि गरम पदार्थाला सगळेच चालत नाहीत. दांडा मुठीपासून वेगळा होत असेल तर धुणं सोपं जातं.

वॉट. ताक, सूप, वरण यांसाठी 200 ते 300 वॉट पुरतात. मोठा आकडा म्हणजे चांगलं यंत्र असं नसतं. पात्याची रचना आणि दांड्याची जोडणी तितकीच महत्त्वाची.

सलग चालवण्याची मर्यादा. ही माहिती खोक्यावर बारीक अक्षरात किंवा पुस्तिकेत असते. अनेक ब्लेंडर सलग एक मिनिटच चालवायचे असतात, मग विश्रांती द्यावी लागते. मोटर जळण्याचं मोठं कारण ही मर्यादा न पाळणं हेच आहे.

वेग. दोन वेग पुरतात. वीस वेगांची चकती दिसायला छान, रोजच्या वापरात दोन-तीनच लागतात.

जोडसामान. चॉपरचं भांडं आणि फेटणी उपयोगी आहे. पण एकटा ब्लेंडर आणि संच यांच्या किमतीत मोठा फरक असेल तर आधी विचार करा. घरात मिक्सर असेल तर चॉपर बहुधा खोक्यातच राहतो.

चिन्हं. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्याजवळचा लायसन्स क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो. काही ब्लेंडरना दोनच पिनांचा प्लग असतो. त्यावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर यंत्राला दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही.

परदेशातून आलेला ब्लेंडर. गोव्यातल्या अनेक घरांत आखाती देशांतून वस्तू येतात. दुबईकडचा विजेचा दाब आपल्यासारखाच असतो, फक्त प्लगचा आकार वेगळा. अमेरिकेतला ब्लेंडर मात्र 120 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टला लावला तर जळतो. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

पैशाचा आणि विजेचा हिशेब

समजा, ब्लेंडर 1,800 रुपयांना घेतला आणि पाच वर्षं टिकला.

- रोज एकदा वापरला तर एका वापराला साधारण 1 रुपया.
- आठवड्यातून दोनदा वापरला तर साधारण साडेतीन रुपये.
- महिन्यातून दोनदाच वापरला तर 15 रुपये.

पहिल्या दोन ओळींत तुमचं घर बसत असेल तर सौदा वाईट नाही. तिसऱ्या ओळीत असाल तर रवी आणि मिक्सर पुरेसे आहेत.

'वीज वाचते' ही जाहिरात मनावर घेऊ नका. 250 वॉटचा ब्लेंडर रोज पाच मिनिटं चालवला तर महिन्याला जेमतेम 0.6 युनिट जातं. 500 वॉटचा मिक्सर तितकाच वेळ चालवला तर सव्वा युनिट. फरक काही रुपयांचा. खरी बचत होते ती वेळेची आणि भांडी घासण्याची.

वापरताना ही काळजी घ्याच

हँड ब्लेंडरचा मोठा धोका म्हणजे बोट कापणं. पात्यात अडकलेला तुकडा काढताना दुसऱ्या हाताने चुकून बटण दाबलं जातं आणि जखम होते. मिक्सरचं पातं भांड्यात बंद असतं, इथे ते उघडं असतं. म्हणून प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. हा नियम घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा.

बाकीचे नियम छोटे आहेत. पातं पूर्ण बुडवून मगच बटण दाबा आणि बटण सोडून, पातं थांबल्यावरच दांडा वर काढा. भांडं खोल घ्या आणि अर्ध्याहून जास्त भरू नका. नॉनस्टिक भांड्यात वापरू नका, लेप खरवडला जातो. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्येही तळाला टेकवू नका. वायर गॅसच्या बर्नरपासून लांब ठेवा. मूठ कधीही पाण्यात बुडवू नका.

धुणं सोपं आहे. पेलाभर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पाच सेकंद फिरवा, प्लग काढा, मग दांडा नळाखाली धरा. हे जेवायला बसण्याआधी केलं तर अर्ध्या मिनिटाचं काम. डाळ वाळली की घासणीने खरवडत बसावं लागतं.

राज्याच्या सीमेपलीकडून घेताना

आपल्या भागात खरेदीला सीमा नसते. चंदगडचा ग्राहक बेळगावात येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो, बांद्याचा म्हापशाला. जीएसटीचा दर देशभर एकच आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यात कर कमी लागेल या आशेने जाण्यात अर्थ नाही. दुकानदाराची सूट वेगळी, तेवढाच फरक.

खरा प्रश्न दुरुस्तीचा. सर्व्हिस सेंटर तुमच्या गावाजवळ आहे का, हे घेण्याआधी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून आपला पिनकोड सांगून विचारा. वॉरंटी दुसऱ्या राज्यातल्या केंद्रातही चालते का आणि सुटं पातं, कपलर मिळतो का, हेही विचारून घ्या. दोन हजारांच्या वस्तूसाठी शंभर किलोमीटर जाणं परवडत नाही.

बिल जपून ठेवा, त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतूनही बोलता येतं. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूची तक्रार बेळगावचा रहिवासी बेळगावात करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

घेण्याआधी एक आठवडा हे करून पाहा

फ्रिजवर एक कागद चिकटवा. ज्या ज्या वेळी 'आता हातात ब्लेंडर असता तर' असं वाटेल, तिथे एक रेघ मारा आणि शेजारी पदार्थाचं नाव लिहा. आठवड्याच्या शेवटी रेघा मोजा. चार किंवा जास्त असतील आणि पदार्थ पातळ असतील तर घ्या. पदार्थांत चटणी-वाटणच जास्त असेल तर मिक्सरला लहान चटणीचं भांडं घ्या, ते स्वस्तात पडेल. एक-दोनच रेघा असतील तर पैसे राहू द्या. आणि कागद भरायचं काम स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं, बिल भरणाऱ्याचं नव्हे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोघांच्या घराला मिक्सरऐवजी चालेल का?
चटणी-वाटण बाहेरून आणत असाल तर चालेल. नाहीतर महिन्याभरात मिक्सर घ्यावाच लागेल.

बिनवायरचा घ्यावा का?
चार्ज केलेला असेल तर वीज गेल्यावरही चालतो, ही सोय आहे. पण किंमत जास्त आणि बॅटरी कालांतराने कमजोर होते. प्लग चुलीजवळ असेल तर वायरचाच बरा.

वास येतो, मोटर गेली का?
नव्या मोटरला सुरुवातीला थोडा वास येऊ शकतो. धूर दिसला, मूठ चटका बसेल इतकी तापली किंवा ठिणग्या जास्त वाटल्या तर लगेच प्लग काढा आणि वॉरंटीत दाखवा.

आधीच घरात पडून आहे, काय करू?
माळ्यावरून काढून ओट्याजवळ, प्लगच्या शेजारी टांगा. पंधरा दिवसांत हात लागला नाही तर ज्या घरात रुग्णसेवा चालू आहे तिथे देऊन टाका. तिथे तो रोज चालेल.